फुकटचे तिकीट

आमच्या वडूजला माणसे दोनदा येतात. एकदा जन्माला आणि मग दर साल यात्रेला. मधल्या काळात ती कोठे असतात हे विचारू नये. कारण उत्तरादाखल हिंदुस्थानचा सबंध नकाशा ऐकावा लागतो. खटाव, माण, आटपाडी, खानापूर हे आमचे तालुके पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचे. येरळेच्या पाण्याचा भरवसा नव्हता, म्हणून मागच्या पिढीतल्या माणसांनी सोने-चांदी गाळण्याची विद्या हस्तगत केली आणि मूस, भट्टी व फुंकणी एवढ्या भांडवलावर मुलूख पालथा घातला. आज मदुराईत, चेन्नईत, कोईमतुरात, कोलकात्यात कोठेही सराफकट्ट्यावर उभे राहून "काय पाव्हणं?" अशी आरोळी ठोकली, तर दोन-चार गलाईच्या दुकानांतून तरी माना बाहेर येतात असे म्हणतात.

अशाच एका दुकानातली एक मान 2025 च्या डिसेंबरात, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या निमित्ताने, माझ्या दारात डोकावली. माझा जुना विद्यार्थी. वर्गात असताना मागल्या बाकावर बसून बाहेरच्या लिंबाकडे बघत असे. आता मदुराईत गलाईचे दुकान आहे, तमिळ अस्खलित बोलतो आणि मराठीत मला अजून भितो.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "सर, वर्ल्डकप बघितला."

"टीव्हीवर?"

"न्हाई, ग्राउंडात बसून. हॉकीचा. पोरांचा. आणि सर, तिकीट एक पैसा न्हाई!"

हे शेवटचे वाक्य त्याने ज्या सुरात म्हटले, त्या सुरात आमच्याकडे माणसे मुलाला नोकरी लागल्याचे सांगतात.

गोष्ट खरी होती. 2025 च्या 28 नोव्हेंबरपासून 10 डिसेंबरपर्यंत तरुणांच्या हॉकीची विश्वचषक स्पर्धा चेन्नई आणि मदुराई या दोन शहरांत भरली. चोवीस देशांचे संघ आले. आणि 'हॉकी इंडिया'ने सामन्यांना प्रवेश मोफत ठेवला. नाव नोंदवायचे, मोबाईलवर तिकीट घ्यायचे आणि आत जाऊन बसायचे. त्याच वर्षी राजगीरला झालेल्या आशिया चषकालाही हीच रीत होती. आमच्या गड्याने भारत आणि स्वित्झर्लंड हा सामना पाहिला. भारताने पाच गोल केले, स्वित्झर्लंडला एकही करता आला नाही. पुढे भारत तिसरा आला आणि जर्मनीने चषक नेला. हे सारे त्याने मला असे सांगितले, की जणू शेवटचा पास त्यानेच दिला होता.

मी सहज विचारले, "घरची सगळी गेला होता का?"

तो जरा ओशाळला. "तिकिटं चौघांची काढली होती, सर. गेलो मी आन् पोरगा. मंडळींच्या पाव्हण्या आल्या, पोरगीचा क्लास होता. म्हटलं ऱ्हाऊ द्या, फुकटचंच हाय."

मला वाटते, तिकिटांच्या अर्थशास्त्रावर विद्वानांनी जे ग्रंथ लिहिले असतील, त्यांचे सार या शेवटच्या चार शब्दांत आले. पन्नास रुपये मोजून तिकीट काढले असते, तर पाहुण्या आल्या असत्या तरी बाई त्यांना घेऊन सामन्याला गेल्या असत्या, आणि क्लासच्या मास्तरांना ताप आला असता. फुकटचे तिकीट हातातून सुटले तर कोणाचे काय जाते? कोणाचेच जात नाही. फक्त गॅलरीत दोन खुर्च्या रिकाम्या राहतात. त्या दोन खुर्च्यांवर ज्यांना बसायचे होते त्यांना "जागा भरल्या" असे उत्तर मिळण्याचा संभव असतो, ही गोष्ट आमच्या गड्याच्या ध्यानात आली नव्हती. खरे सांगायचे तर, त्याने सांगेपर्यंत माझ्याही आली नव्हती.

आता कोणी म्हणेल, मग फुकट ठेवावेच कशाला? तेही कोडे वाटते तितके अवघड नाही. तरुणांच्या स्पर्धेत खेळाडूंची नावे लोकांना ठाऊक नसतात. माणूस नावाला पैसे देतो, खेळाला क्वचितच. एकवीस वर्षांखालची ही मुले उद्याची नावे असतात. आज ती नुसती शर्टावरच्या क्रमांकाने ओळखली जातात. शिवाय संघटनेचा खर्च दरवाजावरच्या गल्ल्यातून निघतो असेही नाही. भारतीय हॉकी संघांचे प्रायोजकत्व ओडिशा सरकारने 2018 पासून घेतले आहे. बाकीची भर दूरचित्रवाणी आणि जाहिरातदार घालतात. त्यांना हवी असते भरलेली गॅलरी. रिकाम्या खुर्च्यांपुढे केलेली जाहिरात म्हणजे आमच्या एस. टी. स्टँडवर रात्री अकराला विकायला ठेवलेली भेळ.

आणि भरलेल्या गॅलरीने काय होते, हे ज्यांनी 2016 साल पाहिले त्यांना सांगायला नको. लखनौला 18 डिसेंबरला अंतिम सामना झाला. मैदान माणसांनी फुलून गेले होते. भारताने बेल्जियमला 2-1 ने हरवले आणि 2001 च्या होबार्टनंतर पंधरा वर्षांनी हा चषक घरी आला. पुढची स्पर्धा भुवनेश्वरला 2021 च्या अखेरीस झाली. मैदान सुरेख, व्यवस्था चोख, पण करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. गोल झाला की खेळाडूच ओरडत आणि खेळाडूच ऐकत. त्या वेळी भारत चौथा आला. प्रेक्षक असते तर पहिला आला असता, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण माणूस एकटाच गात असला म्हणजे त्याला आपला सूर लागला की नाही ते कळत नाही, एवढे मला वर्गातल्या अनुभवाने ठाऊक आहे.

पैशाचीच अडचण म्हणावी, तर आमच्या मुलखातला माणूस पैशाला चिकट नाही. पुसेगावच्या रथावर भाविक नोटांच्या माळा वाहतात. रथ दिसेनासा होऊन नुसत्या नोटाच चालत आहेत असे वाटते. यात्रेतले कुस्तीचे मैदान घ्या. तेथे बहुधा तिकीट नसते. पण एखाद्या अठरा वर्षांच्या पोराने चपळाईने ढाक मारली, की कडेला उभा असलेला, अंगावर धड सदरा नसलेला शेतकरी खिशात हात घालतो आणि शंभराची नोट त्या पोराच्या मातीने भरलेल्या हातात कोंबतो. ते तिकीटच. फक्त ते खेळ पाहून झाल्यावर काढलेले असते, आणि त्याचा दर ज्याचा त्याने ठरवलेला असतो.

लहानपणी तमाशाच्या तंबूला तिकीट असे. आम्ही पोरे कनातीखालून आत शिरत असू. एकदा कनात उचलली तर पलीकडे राखणदाराचे पाय दिसले. त्याने कान धरून बाहेर काढले. मजा अशी, की त्या रात्रीचा अर्धा तास पाहिलेला वग मला अजून आठवतो. पुढे पैसे देऊन पाहिलेले कितीतरी विसरलो. तेव्हा नुसत्या किमतीने आस्था येते, असेही नाही. त्या अर्ध्या तासासाठी मी कान पणाला लावला होता! काहीतरी पणाला लावावे लागते, हे खरे.

तिकिटांसाठी माणसे भांडतात तेव्हा तर स्टेडियम उभी राहतात. मुंबईत कसोटी सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. ते क्रिकेट क्लबचे. सामन्याची तिकिटे कोणाला किती द्यायची, यावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे. त्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियमच बांधले आणि 1975 च्या जानेवारीत तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळवली. क्रिकेटच्या चार खुर्च्यांसाठी एवढे रामायण. आणि इकडे विश्वचषक फुकट दाखवतात तर पाहुण्या आड येतात!

मला या संदर्भात नेहमी खाशाबा जाधवांची आठवण होते. आमच्याच जिल्ह्यातल्या, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला मिरवणुकीहून मोठी वाटते ती नंतरची गोष्ट. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून पैसे मिळवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. आपली भाषा अशा खर्चाला 'पदरमोड' म्हणते. या शब्दाला दुसऱ्या भाषेत जोड असेल, पण मला अजून सापडलेली नाही.

एवढे सगळे मी त्या गड्याला ऐकवले. वर्गात ऐकून घेत नसे, आता घेतले. मग त्याने विचारले, "सर, आपल्या कॉलेजात बी पोरी हॉकी खेळत्यात म्हणं?"

आणि माझे व्याख्यान जागच्या जागी थांबले.

खेळतात. आमच्या शेजारच्या फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे भारताच्या संघातून खेळल्या, तेव्हापासून आमच्याकडच्या मुलींनाही स्टिक हातात धरावीशी वाटते. माझ्याच वर्गातली एक मुलगी खेळते. जगातली मोठी हॉकी 1976 च्या माँट्रिऑलपासून कृत्रिम गवतावर गेली. आमच्या मुली मुरमावर खेळतात. चेंडू खड्याला लागून उडतो तो कोणाच्या नडगीवर बसेल ते सांगता येत नाही. त्याच सालच्या पावसाळ्यानंतर तिने मला विचारले होते, "सर, परवा मॅच आहे, येणार का?" मी म्हटले, "बघतो." मराठीत 'बघतो' म्हणजे 'बघणार नाही'. हे मी स्वतः शब्दशक्ती शिकवताना मुलांना सांगितलेले आहे, तेव्हा तिला अर्थ कळला असणारच. त्या दिवशी मी उत्तरपत्रिका तपासत होतो. म्हणजे गठ्ठा पुढ्यात होता. सामन्याला तिकीट नव्हते, मैदान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होते.

दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा कळले की मुली हरल्या. "बघायला कोण कोण होते?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "पंच, सर, आणि आमचे दादा." दादा म्हणजे तिचे वडील. रोजंदारीवर जातात. त्या दिवशी खाडा करून, एस. टी. ने येऊन, दीड तास उन्हात उभे राहिले आणि पुन्हा एस. टी. ने गेले. एका दिवसाची मजुरी अधिक जाण्यायेण्याचे भाडे, असे त्यांच्या तिकिटाचे मोल पडले. मैदान सगळ्यांना मोफत होते, पण त्यांना नव्हते. 'प्रवेश मोफत' अशी पाटी लावणारे दारावरचा हिशेब मांडतात. घरून दारापर्यंत येण्याचा हिशेब ज्याचा त्याला भरावा लागतो. मजुराला तो जड जातो, म्हणून त्याला रविवार आणि संध्याकाळची वेळ हवी असते, फुकट तिकिटापेक्षा अधिक. पगारदार प्राध्यापकाला तो अगदी हलका असतो, आणि त्याने तोही भरला नाही.

मी हे त्या गड्याला सांगितले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने घड्याळ बघून म्हणाला, "पोरी आत्ता असत्याल का मैदानावर?"

पाच वाजून गेले होते. असतात त्या वेळी. आम्ही दोघे गेलो. अकरा-बारा मुली, चार-पाच स्टिक्सना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, आणि धुळीत दिसेनासा होणारा चेंडू. मी कडेला उभा राहिलो. माझी विद्यार्थिनी पलीकडच्या टोकाला होती. तिने मला पाहिले तशी ती जरा अधिकच जोरात धावू लागली. दोन माणसांची ही गॅलरी. मदुराईची कोठे, ही कोठे! तरी धावण्यात फरक पडला, तो मी या डोळ्यांनी पाहिला.

खेळ थांबला तेव्हा आमचा गडी कुस्तीच्या मैदानातल्या रिवाजाप्रमाणे पुढे झाला आणि पाचशेची नोट काढून म्हणाला, "घे पोरी, चेंडू आणा." मुलगी माझ्याकडे बघू लागली. घ्यावे की न घ्यावे? मी मान हलवली. मग मला वाटले, आपणही काही दिले पाहिजे. खिशात हात घातला, तर घाईत पाकीट घरीच राहिले होते.

त्याने ते ओळखले. दुसरी नोट काढली आणि मुलीला म्हणाला, "ही सरांची."

परत येताना मी पैसे देऊ लागलो, ते त्याने घेतले नाहीत. म्हणाला, "पुढच्या मॅचला या म्हंजे फिटलं." पुढचा सामना रविवारी दुपारी होता. दादा येणार होते, मीही गेलो. मुली या वेळीही हरल्या, पण एक गोल झाला, आणि ओरडायला तिथे आम्ही दोघे होतो.