तो म्हातारा झालाय, घरी जा

पाचवीत हट्ट करून आणलेलं लॅब्रेडॉरचं पिल्लू तुम्ही थर्ड इयरला पोचता तेव्हा 10 वर्षांचं, म्हणजे म्हातारं झालेलं असतं. तुम्ही होस्टेलवर, आणि रात्री उठून त्याची शी-शू काढते आई. तेव्हा 'कुत्रं नको' म्हणणारी तीच! स्टेटसला जुने फोटो टाकणं सोपं असतं हो. सुट्टीत घरी जा. पाय घसरतात, फरशीवर सतरंजी अंथरा. हातानं भरवा. दुखतंय म्हणून घरातली पेनकिलर मात्र देऊ नका. आयब्रुफेननं कुत्र्याला अल्सर होतो, किडनी निकामी होऊ शकते. आणि डॉक्टरांनी दयामरणाचं इंजेक्शन सुचवलं, तर 'मला बघवणार नाही' म्हणत बाहेर थांबू नका. टेबलावरून तो दाराकडे बघत तुम्हालाच शोधत असतो.