ढालीवरचा हरगिला

१८९६ मध्ये कोलकाता शहराला मानचिन्ह मिळाले. युरोपातल्या नगरांच्या ढालीला दोन्ही बाजूंनी बहुधा सिंह नाहीतर शिंगवाला घोडा टेकू देतो. कोलकात्याच्या ढालीशेजारी उभे राहिले चोचीत साप धरलेले दोन हरगिले. हाड आणि गिळणे, या पक्ष्याच्या नावातले दोन्ही शब्द मराठी कानाला ओळखीचे आहेत. जवळजवळ पाच फूट उंची, टकले डोके, गळ्याखाली लोंबणारी तांबूस पिशवी. चाल मात्र कवायतीतल्या लष्करी अधिकाऱ्याची, म्हणून इंग्रजांनी त्याला 'अ‍ॅडज्युटंट' म्हटले.

हा पक्षी तेव्हा शहराचा सफाई कामगारच होता. मेलेली जनावरे, खाटिकखान्याचे उष्टे, घाटावरची घाण तो फस्त करी. त्याला मारणाऱ्याला ५० रुपये दंड होता. गव्हर्नमेंट हाऊसच्या फाटकावर ऐटीत बसलेले हरगिले त्या काळच्या चित्रांत दिसतात. ज्याच्या जिवावर शहर तगले त्याला ढालीवर बसवणारे इतके प्रामाणिक मानचिन्ह मला दुसरे माहीत नाही. तरी एक गोष्ट सलते. त्याच शहराची मैलापाटी डोक्यावर वाहणाऱ्या माणसांना त्या ढालीवर जागा नव्हती.

आणि मान मिळाला तोही पाहुणा निघण्याच्या वेळी. गटारे बांधली गेली, उकिरडे हटले, ब्रह्मदेशातल्या पेगूकडची विणीची मोठी वसाहतही पुढे उठली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या आभाळातून हरगिला गेला. उरला तो ढालीवर.

आज तो मुख्यतः आसाम, बिहार आणि कंबोडियात टिकून आहे. आसामच्या कामरूप जिल्ह्यात दादरा गावाच्या परसात त्याची घरटी असतात. विष्ठेची आणि कुजक्या मांसाची दुर्गंधी सोसवेना म्हणून लोक घरट्यांची झाडेच तोडत. जीवशास्त्रज्ञ पूर्णिमादेवी बर्मन यांनी तिथल्या बायकांना हाताशी धरले. पिल्लू होणार म्हटल्यावर लेकीचे डोहाळजेवण करावे तसा सोहळा त्या हरगिल्यासाठी करू लागल्या. २०२३ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत हा पक्षी 'संकटग्रस्त' वर्गातून दोन पायऱ्या बाहेर आला.

त्याच बायका आता मागावर बसून हरगिला विणतात. मेखला-चादरीच्या काठावर तो ओळीने उभा असतो, लांब चोच खाली झुकवून. इथे त्याच्या चोचीत साप नाही.