पानठेल्यावरचे प्रश्न

दिघोरीच्या पानठेल्यावर संध्याकाळी जे बोलले जाते, त्याला रिकामटेकड्या गप्पा म्हणणे हा मोठा अन्याय आहे. तिथे बसणारी माणसे आपले सोसलेलेच बोलतात.

२८ मे २०१८. भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक, भर उन्हाळा, आणि मतदानयंत्रे ठिकठिकाणी बंद पडलेली. ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. पण रोजी बुडवून पहिल्या दिवशी रांगेत उभी राहिलेली बाई दुसऱ्यांदा येऊ शकली का? मतदानाचा हक्क कागदावर असून भागत नाही. तो बजावता आला पाहिजे.

औषधांचेही तेच. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे उघड झाले, ते २०२४ मध्ये. दवाखान्यातली गोळी विश्वासाने गिळणाऱ्याला हे कळणार कसे?

आणि वीज. शेजारच्या तिरोड्यात ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. उन्हाळी धानाला पाणी द्यायला मात्र शेतकऱ्याने रात्री साप-विंचवांतून बांधावर जायचे! सौर कृषी वाहिनी योजनेने दिवसा वीज देण्याचे वचन दिले आहे. ते आपल्या फीडरवर कधी पोहोचणार, हे विचारणे राजकारण नव्हे.

या चर्चेला जागा देणे हे आम्ही आमचे काम मानतो. वाचकहो, पुढच्या ग्रामसभेत हे तिन्ही प्रश्न लेखी द्या आणि ठरावाची प्रत मागून घ्या.