ताफा नवा, वाजवणे जुने
कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरम् येथे, राहूच्या स्थानामुळे ओळखल्या जाणाऱ्या नागनाथस्वामींच्या मंदिराच्या परिसरात, वादकांचा नवा ताफा उभा राहतो तेव्हा वाजवायचे काय या प्रश्नाचे निम्मे उत्तर आधीच ठरलेले असते. कारण पेरिय मेळम्, म्हणजे सनईहून लांब व भारदस्त असे नागस्वरम्, उजव्या बोटांना टोपणे चढवून आणि डाव्या हातात टिपरी धरून वाजवायचे तविल, आधारस्वर देणारा ओत्तु व टाळ यांचा संच, हा मुळात देवळाच्या दिनक्रमाला बांधलेला आहे. पहाटे भूपाळम्, शेजारतीला नीलांबरी आणि देव मिरवणुकीस निघताना गंभीरनाट रागातली शब्दांवाचून वाजणारी मल्लारी, एवढे ज्याला येत नाही त्याने पुढची चर्चाच करू नये. लग्नाच्या मांडवात निवड बरीच सैल होते; तेथे त्यागराजांच्या कृतींमागून चित्रपटगीताची फर्माईश येतेच, परंतु मंगळसूत्र बांधताना अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून होणारा द्रुत गजर, ज्याला गेट्टि मेळम् म्हणतात, तो कोणत्याही गाण्यासाठी थांबत नाही. याच मुलखाचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तंजावरात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभारला, तेव्हा काय वाजवायचे हे ठरवण्याची मोकळीक त्यांना होती, कारण तो बँड देवाचा नव्हे, दरबाराचा होता.