पटसंख्येच्या तराजूत गावची शाळा

सत्तरी, सांगे, काणकोण आणि घाटावरचा खानापूर हे सारे सह्याद्रीच्या कुशीतले तालुके. येथील वाड्या विरळ, मध्ये रान आणि ओहोळ. तेव्हा अशा वाडीवरच्या प्राथमिक शाळेचा पट लहानच असावयाचा. हा भूगोलाचा परिणाम आहे, गावकऱ्यांचा अपराध नव्हे. परंतु सरकारी अनुदानाचे गणित मांडणाऱ्यांनी तो अपराध ठरविला आणि त्याचा दंडही आकारला, असे खेदाने म्हणणे भाग आहे.

हे विधान तपासून पाहावे. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेची चौकट २०२१ साली सुधारण्यात आली. किरकोळ दुरुस्ती, वीज, पाणी, स्वच्छता, अध्यापनाचे साहित्य अशा गरजांसाठी सरकारी शाळेला जे एकत्रित वार्षिक अनुदान द्यावयाचे, त्याचे दर तीत पटावरून ठरले. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये. ३१ ते १०० असेल तर २५,०००. पुढे चढत चढत हजारावर पट गेला म्हणजे १ लाख. म्हणजे वाडीवरच्या शाळेच्या वाट्याला महिन्याकाठी सुमारे ८३३ रुपये आले. तेवढ्यात विजेचे देयक भागवावयाचे, खडू आणावयाचे, शौचालय स्वच्छ ठेवावयाचे आणि मृगापूर्वी छपरही शाकारून घ्यावयाचे!

यावर हिशेबनीस म्हणतील की, दर मुलामागे भागाकार केला तर लहान शाळेलाच अधिक पैसे मिळतात. भागाकार बरोबर आहे. पण तो भलत्याच वस्तूचा आहे. पुस्तके आणि पाट्या मुलांच्या संख्येने लागतात हे खरे. छप्पर, विहीर, कुंपण यांचे तसे नाही. आत १२ मुले बसली आहेत की ४०, हे पाहून पाऊस कमीअधिक पडत नाही.

कायद्याची भूमिकाही याहून निराळी आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला काही गोष्टी अनिवार्य केल्या: दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलांसाठी व मुलींसाठी वेगळी शौचालये, पिण्याचे पाणी, ग्रंथालय, क्रीडांगण आणि कुंपण. पट ३० च्या आत असेल तर यांतल्या अमुक गोष्टी माफ, असे त्यात कोठेही नाही. शिक्षकांच्या बाबतीत तर त्याच कायद्याने ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक ठरवून, एका मर्यादेखाली शाळा शाळाच राहत नाही हे तत्त्व मान्य केले. जे तत्त्व शिक्षकाला लागू, ते छपराला का लागू नसावे? कर्तव्य सर्वांना सारखे आणि साधने मात्र पटाप्रमाणे, ही कोणती नीती?

या व्यवस्थेचा खरा घात पुढेच आहे. अनुदान अपुरे म्हणून इमारतीला अवकळा येते. अवकळा पाहून ज्याला परवडते तो पालक आपले मूल दूरच्या शाळेत घालतो. पट आणखी उतरतो. आणि मग त्याच उतरलेल्या पटाचा दाखला देऊन शाळा बंद करण्याची किंवा शेजारच्या शाळेत विलीन करण्याची भाषा सुरू होते. मागे उरते ते ज्याच्या घरी वाहन नाही त्याचे मूल. पहिली ते पाचवीच्या मुलाला १ किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे केंद्राच्या २०१० च्या नियमांत म्हटले आहे. नकाशावरचा तो किलोमीटर आषाढात ओहोळ भरून वाहू लागला म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला किती लांब होतो, याचाही हिशेब कोणी मांडील काय?

सरकारी पैसा येतो कोठून आणि जातो कोठे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तो रोखठोक विचारला होता. महसूल भरतो कष्टकरी रयत आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली आरंभिला, तो राजधानी बडोद्यात नव्हे तर दूरच्या अमरेली भागातील खेड्यांत. आणि १९०६ साली ती योजना साऱ्या संस्थानाला लागू केली. एका संस्थानिकाला जे सुचले ते लोकांनी निवडलेल्या सरकारांना अवघड वाटावे, हे शोभत नाही.

आणि आपले काय? गोव्यात प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा आणि अनुदानाचा वाद १९९० पासून चालत आला. २०११ साली इंग्रजी माध्यमाला अनुदान देण्याच्या निर्णयाने तो पुन्हा पेटला. भाषेचा अभिमान आम्हांसही आहे. पण मराठी थोर की कोंकणी थोर याचा निकाल लावण्यात आपण जितकी वर्षे घालविली, त्यांतली चार जरी सरकारी शाळेच्या दुरवस्थेसाठी वेचली असती, तर दोन्ही भाषांचे भले झाले असते. गळक्या छपराखाली दोन्ही भाषांची पुस्तके सारखीच भिजतात.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कायद्याने जे अनिवार्य केले त्याच्या खर्चाएवढे किमान अनुदान प्रत्येक सरकारी शाळेला पट न पाहता मिळावे, आणि पटाचा विचार त्यावरील वाढीपुरताच व्हावा. डोंगराळ व अतिवृष्टीच्या तालुक्यांना दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम असावी. कायद्यातल्या सर्व सोयी पुरवून काही वर्षे लोटल्याखेरीज केवळ पटाच्या कारणाने कोणतीही शाळा बंद होऊ नये. केंद्राच्या दराचे निमित्त पुढे करून राज्यांना हात झटकता येणार नाहीत. त्या दरावर आपल्या तिजोरीतून भर घालण्यास राज्याला कोणी अडविलेले नाही.

ही भीक नव्हे. वाडीवरचा माणूस बाजारात वस्तू विकत घेतानाही कर भरतो, आणि तो भरताना त्याच्या वाडीची लोकसंख्या कोणी विचारीत नाही. देण्याच्या वेळीच ती का मोजावी, एवढेच त्याचे विचारणे आहे. अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनी त्याला उत्तर द्यावे.