गळीत हंगामातील गावे आणि जनगणनेचा आकडा

कोपरगाव : साखर कारखान्यांच्या परिसरातील गावांची लोकसंख्या किती, या प्रश्नाला दिवाळीपूर्वी एक उत्तर असते आणि जानेवारीत दुसरे. बीड, पाथर्डी, चाळीसगाव, नांदगावकडील टोळ्या उतरल्या की गावाबाहेर कोप्यांची वसाहत उभी राहते आणि पट्टा पडला की ती जागा पुन्हा मोकळी होते. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणाऱ्या जनगणनेच्या दृष्टीने ही ये-जा कळीची ठरते.

बाहेरून येऊन वसणे या भागाला नवे नाही. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरी कालवे गेल्या शतकाच्या प्रारंभी झाले आणि सासवडकडील माळी बागाईतदारांनी येथे येऊन ऊस लावला. १९३९ मध्ये सोमैया यांच्या गोदावरी शुगर मिल्सची स्थापना झाली. साकरवाडी ही वस्ती तर कारखान्यानेच घडविली. पुढे कोळपेवाडी व सहजानंदनगर येथे सहकारी कारखाने आले. बागाईतदार आणि कायम कामगार एका पिढीत गावकरी झाले, मतदारयादीत गेले. तोडणी कामगार मात्र वर्षानुवर्षे येऊनही गावाचा झालेला नाही. उचल घ्यायची, कोयता चालवायचा आणि मुकादमाचा हिशेब फेडून परतायचे, एवढाच त्याचा गावाशी संबंध.

२००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या ४० लाख ४० हजारांवरून ४५ लाख ४३ हजारांवर गेली. या वाढीत कोण कोठे मोजला गेला, हे आकडा सांगत नाही. २०११ ची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. जी व्यक्ती हा संपूर्ण काळ घरापासून दूर असेल, तिची नोंद ती जेथे आढळेल तेथे करावी, असा नियम होता. फेब्रुवारीअखेर फडात असलेला मजूर त्यामुळे गावी नव्हे, कोपीत मोजला जाणे अपेक्षित. पुण्या-नाशकाला नोकरीस गेलेला येथील तरुणही शिधापत्रिकेवर नाव असले तरी गावच्या आकड्यात येत नाही.

खरी अडचण घरयादीची आहे. २०२७ च्या जनगणनेसाठी घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असा ठरविण्यात आला, म्हणजे कोप्या नसतानाचा! यादीत नसलेल्या वस्तीवर प्रगणक फेब्रुवारीत पोहोचेलच, याची शाश्वती कोणी द्यावी? कोपीतला माणूस निसटला तर तो मूळ गावी नाही आणि येथेही नाही, असे होईल. वित्त आयोगाचा निधी, ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या, पाणीयोजनेचा आराखडा हे सारे याच आकड्यावर बेतले जाते. जलजीवन मिशनचे दरडोई ५५ लिटरचे गणित गावाच्या स्थिर लोकसंख्येचे. हंगामात त्याच टाकीवर कोप्यांतील बायका हंडे घेऊन उभ्या राहतात, आणि पाण्यावरून कुरबुरी होतात त्या नेमक्या याच दिवसांत.

फ्रान्समध्ये दहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या प्रत्येक गावाची गणना २००४ पासून आळीपाळीने दर पाच वर्षांनी होते आणि अधिकृत लोकसंख्या दरवर्षी जाहीर होते. आपल्याकडील दोन गणनांत मात्र १६ वर्षांचे अंतर पडले. ऊस कमी असला की पट्टा फेब्रुवारीतच पडतो, मुबलक असला की मार्च उलटतो. त्यामुळे पुढील अनेक वर्षे वापरला जाणारा या गावांचा आकडा एका हंगामातील उसावर अवलंबून राहणार आहे.