रकान्यातली फिकी अक्षरे

शेजारच्या काकू परवा फोनवर एक अर्ज भरत होत्या. नावाच्या रकान्यात करड्या, बारीक अक्षरांत 'आधी आडनाव' असे लिहिले होते. ते त्यांना दिसलेच नाही. पहिले अक्षर उमटताच ती सूचनाही गेली. नाव आधी, आडनाव शेवटी, असा अर्ज गेला आणि चार दिवसांनी परत आला.

या अक्षरांना वेबच्या कामात प्लेसहोल्डर म्हणतात. पूर्वी त्यांचा रंग बदलायला प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळ्या नावाने नियम लिहावा लागे. ते नियम स्वल्पविरामाने जोडायचीही सोय नव्हती. एक नाव अनोळखी निघाले की ब्राउझर अख्खा नियम टाकून देई. २०१७ पासून क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघेही एकच नाव ओळखतात. तेव्हा रंग न बदलायला आता सबब उरलेली नाही.

तरी रंग फिकाच निवडला जातो, कारण पडद्यावर तो नाजूक दिसतो. वेब सुगम्यतेच्या जागतिक निकषांनुसार बारीक मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला विरोध किमान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर #९९९ हा करडा जेमतेम २.८५ भरतो, #७५७५७५ घेतला तर ४.६ मिळतात. फायरफॉक्स ही अक्षरे स्वतःहून पुसट करतो, म्हणून तिथे अपारदर्शकता १ अशी वेगळी लिहावी लागते. एका ओळीचे काम आहे.

मराठीत याचा फटका जास्त बसतो. रंग उतरला की आधी अनुस्वाराचा ठिपका जातो, मग रफार. त्यात कुणी ती सूचना तिरकी करतो. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत तिरके वळण नसतेच, मग ब्राउझर उभी अक्षरे नुसती कलती करतो आणि जोडाक्षरे वाचवत नाहीत.

मात्र रंग फार गडद केला तर रकाना भरलेलाच वाटतो, आणि माणूस तो सोडून पुढे जातो. म्हणून आत फक्त नमुना असावा. रकान्याचे नाव आणि अट बाहेर, वर, कायम दिसेल अशी लिहावी. एचटीएमएलचे प्रमाणही प्लेसहोल्डर लेबलच्या जागी वापरू नका, असेच सांगते.

काकूंनी अर्ज पुन्हा भरला. या वेळी 'आधी आडनाव' हे शब्द त्यांनी आधी कागदावर उतरवून घेतले होते.